ऐकू न येणारा भोंगा

टीव्हीच्या पडद्यावर उजवीकडे खाली, पोस्टकार्डाएवढ्या चौकोनात, काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेली एक बाई दर रविवारी सकाळी अकरा ते बारा हातांनी बोलत उभी असायची. ज्यांना ऐकू येतं त्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नसे. ज्यांना येत नाही ते बाकीचा पडदा सोडून तिच्यावरच डोळे लावून बसायचे. या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. हिला दिलेलं नाव म्हणजे दोन्ही तर्जन्यांनी हवेत काढलेला छोटा चौकोन. खिडकी. तिच्या नवऱ्याला हे कळलं आणि तो गमतीने तिला खिडकीताई म्हणायला लागला. "बायकोला कुणी ताई म्हणतं का?" म्हणून सासूबाई चिडल्या, पण तोवर नाव चिकटलं होतं. पुढे सासूबाईही त्याच नावाने हाक मारू लागल्या.

कार्यक्रम देशाच्या सुरक्षेवरचा होता. एक निवृत्त जनरल, एक माजी राजदूत आणि परराष्ट्र धोरण शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका असे तीन तज्ज्ञ अर्धगोल टेबलाभोवती बसत. कुठल्या देशाने कुणाशी हातमिळवणी केली, कुणाची जहाजं कुठल्या समुद्रात शिरली, शेजाऱ्याने सीमेवर किती तुकड्या आणल्या, याचा तासभर काथ्याकूट चाले. खिडकीताई त्या झगमगत्या खोलीत नसत. त्या भिंतीपलीकडच्या गोदामवजा खोलीत हिरव्या कापडापुढे उभ्या असत. कानात चर्चा ऐकवणारं बटण, बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. हातांवर बघण्यासारखं दुसरं काही असता कामा नये, हा या कामाचा पहिला नियम.

दुसरा नियम त्या घरूनच शिकून आल्या होत्या. त्यांच्या आईवडिलांना, दोघांनाही, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील छापखान्यात यंत्रावर होते. त्या धडधडाटात इतर कामगारांचे कान दहा वर्षांत कामातून जायचे. "तुझं काय नुकसान व्हायचंय?" असं चिठ्ठीवर लिहून मालकाने त्यांना नोकरीवर घेतलं होतं. हा किस्सा वडील अजून पोट धरून हसत सांगायचे. मुलीला मात्र दोन्ही कान धडधाकट. त्यामुळे पाचव्या वर्षापासून घराचं बाहेरच्या जगाशी सगळं बोलणं तिच्यामार्फत. वीज कचेरीत तीच, घरमालकापुढे तीच, शाळेत स्वतःबद्दलच्या तक्रारी वडिलांना सांगायलाही तीच. तेवढ्या तक्रारींचं भाषांतर ती जरा उदार मनाने करायची.

ती आठ वर्षांची असताना आईला इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, "आईला सांग, बाळ राहिलं नाही." तिने आईला सांगितलं, बाळ झोपलंय. आई दोन दिवस वाट बघत राहिली. खरं कळल्यावर तिने मुलीला मारलं नाही की रागावली नाही. तिचे दोन्ही हात धरून ठेवले, बराच वेळ, आणि मग सोडून सांगितलं, "सांगशील ते सगळं सांग. कमी नको, जास्त नको." आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. समोरच्याच्या बोलण्यात पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही, हा नियम खिडकीताईंनी तिथून उचलला.

तज्ज्ञांच्या बाबतीत हे पाळणं फार अवघड होतं. तज्ज्ञ गुळगुळीत बोलतात, आणि हातांच्या भाषेत गुळगुळीत बोलताच येत नाही. 'मर्यादित कारवाई' म्हणायला तोंडाला काही लागत नाही. हातांनी म्हणायचं तर हल्ला कुणी केला, कुणावर केला, वरून की जमिनीवरून, हे दाखवावंच लागतं. म्हणून त्या कार्यक्रमाआधी वही घेऊन रंगभूषेच्या खोलीत जायच्या.

"साहेब, मर्यादित म्हणजे किती?"

जनरलसाहेबांच्या टकलाची चकाकी घालवायचं काम चालू असायचं. पहिल्या वेळी ते वैतागले. "बाई, ते असं सांगता येत नाही."

"मग हात कुठे थांबवू? इथे की इथे?" त्यांनी आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत हात नेऊन दाखवला.

जनरलसाहेबांनी आरशातून त्या दोन अंतरांकडे बघितलं. विचार करून म्हणाले, "इथे." आणि स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. त्यानंतर ते त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागले, आणि रविवारी पंधरा मिनिटं आधी येऊ लागले. "आज 'सामरिक संयम' आहे, मास्तरीणबाई. बघा काही जमतंय का." खिडकीताईंनी एक मूठ दुसऱ्या हाताने आवळून धरली, मूठ थरथरतेय पण सुटत नाही, असं करून दाखवलं. साहेब म्हणाले, "चाळीस वर्षं नोकरी केली, पण इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं."

रविवारी वडिलांच्या खोलीत आठनऊ जण जमायचे. छापखान्यातले दोन जुने सोबती, एक सुतार, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या दोघी बहिणी, आणि आणखी कुणी कुणी. बारा वाजता चर्चा संपली की यांची सुरू व्हायची. खिडकीताई जेवायला तिथेच जायच्या, आणि दारातच त्यांची उलटतपासणी व्हायची.

"आज राजदूत थापा मारत होता," वडील हातांनी म्हणायचे.

"तुम्हाला काय माहीत?"

"तो थाप मारतो तेव्हा चष्मा पुसतो. जनरल थाप मारत नाही. त्याला माहीत नसलं की त्याचा डावा हात टेबलाखाली जातो."

पुढच्या वेळी खिडकीताईंनी मुद्दाम कार्यक्रमाचं चित्रीकरण बघितलं. साहेबांचा हात खरंच जात होता.

त्या वर्षी सीमेवर वातावरण तापलं. आधी एक चौकी जळाली, मग एक पूल पडला, आणि कार्यक्रमाचे प्रेक्षक दुप्पट झाले. सरकारने शहरात सराव करायचं ठरवलं: बुधवारी भोंगा वाजणार, लोकांनी तळघरात जायचं. त्याआधीच्या रविवारी विषय नागरी संरक्षणाचा होता. निवेदकाने विचारलं, आणि जनरलसाहेबांनी अगदी शाळेत शिकवावं तसं समजावून सांगितलं. वरखाली होणारा लांब आवाज म्हणजे धोका. एकसारखा सरळ आवाज म्हणजे धोका टळला. "लक्षात ठेवायचं एवढंच," ते म्हणाले. "भोंगा ऐकू आला की दोन मिनिटांत खाली. घाबरण्याचं काही कारण नाही."

खिडकीताईंचे हात सवयीने चालले होते. त्यांनी भोंगा दाखवला, तोंडापासून लांब जाणारा हात वर, खाली, पुन्हा वर. मग कानाकडे बोट नेलं, ऐकू आला. आणि बोट कानापाशीच राहिलं. आपण हे कुणाला सांगतोय? हा चौकोन बघणारा एकही माणूस तो भोंगा ऐकणार नव्हता. ज्यांना तो ऐकू येणार होता ते हा चौकोन बघत नव्हते.

पलीकडे बोलणं पुढे गेलं. कॅमेऱ्यामागच्या माणसाने त्यांच्याकडे प्रश्नार्थक बघितलं. त्यांचे हात खाली आले, पाचसहा सेकंद खालीच राहिले, मग वर आले, आणि या कामाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं वाक्य उच्चारलं. "भोंगा आपल्याला ऐकू येणार नाही. काय करायचं ते मी विचारते." मग त्यांनी निवेदकाचं वाक्य मधूनच पकडलं आणि शेवटपर्यंत बिनचूक काम केलं. त्या इमारतीत कुणालाच काही कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्या तडक मुख्य खोलीत गेल्या. जनरलसाहेब कोटावरचा माइक काढत होते.

"साहेब, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करायचं?"

"शेजारी सांगतील की."

"शेजारी आधीच खाली पळाले असतील तर?"

"म्हणजे... व्यवस्था असेलच काहीतरी. स्वयंसेवक असतात." त्यांचा डावा हात टेबलाखाली गेला. खिडकीताईंनी त्या हाताकडे बघितलं, आणि त्यांनी बघितलंय हे साहेबांनी बघितलं. त्यांनी हात वर काढला. "मला माहीत नाही, मास्तरीणबाई. आजवर कुणी विचारलंच नाही."

सोमवारी वाहिनीकडे एक्केचाळीस ईमेल आल्या. सगळ्यांचा मजकूर साधारण एकच: ताई विचारते म्हणाल्या होत्या, उत्तर काय मिळालं? कार्यक्रमाच्या निर्मातीबाईंना आधी काही समजेना. समजल्यावर त्यांनी खिडकीताईंना बोलावून घेतलं.

"थेट प्रक्षेपणात तुम्ही स्वतःचं बोललात?"

"हो."

"उद्या प्रत्येक जण पदरचं घालायला लागला तर? बघणाऱ्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?"

हा प्रश्न खिडकीताईंना पटला, म्हणूनच तो जास्त लागला. त्यांनी ताकीदपत्रावर मुकाट्याने सही केली. दाराशी जाऊन मागे वळल्या. "पण त्या एक्केचाळीस जणांना काय कळवायचं?"

निर्मातीबाई वाईट नव्हत्या. त्यांनी डोकं धरलं. "कळवू काहीतरी," म्हणाल्या.

ते कळवायच्या आत बुधवार उजाडला. सराव दुपारी चारला होता. खिडकीताईंनी वडिलांना दहादा बजावलं होतं, चारला घरातच बसा. पण वडिलांचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं, आणि ते चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाहेर पडले. मधल्या चौकात पोचले तर रस्ता चक्क रिकामा. दुकानं उघडी, आत माणूस नाही. एक सायकल आडवी पडलेली, तिचं चाक अजून फिरतंय. आपल्याला डोळ्यांचाही काही विकार झाला की काय असं वाटून ते जागच्या जागी उभे राहिले. मागून एक स्वयंसेवक ओरडत धावत येत होता. म्हाताऱ्याला सांगून कळत नाही म्हटल्यावर त्याने मागूनच दंड धरून खेचलं. वडील दचकले, झिडकारायला गेले, आणि हातावर पडले. उजवं मनगट मोडलं.

खिडकीताई इस्पितळात पोचल्या तेव्हा प्लास्टर ओलं होतं. तो स्वयंसेवक, दांडगा पंचविशीचा गडी, कोपऱ्यात रडकुंडीला येऊन उभा होता. "मी दहा वेळा हाका मारल्या हो ताई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वडील डाव्या हाताने काहीतरी सांगू बघत होते. अर्ध्या खुणा अर्ध्यावरच तुटत होत्या. बोलणाऱ्याच्या जिभेला टाके घालावेत तसं ते होतं. खिडकीताईंना आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचं बोलणं दोनदा विचारावं लागलं.

"काय म्हणतायत?" स्वयंसेवकाने घाबरत विचारलं.

"तुला पाणी द्या म्हणतायत," खिडकीताई म्हणाल्या. त्याला ते खरं वाटलं नाही, पण वडील खरंच तेच म्हणत होते.

घरी आल्यावर मात्र त्यांचा तोल सुटला. त्यांनी जनरलसाहेबांना फोन लावला आणि नमस्कार चमत्कार काही न करता म्हणाल्या, "साहेब, तुमच्या भोंग्याने माझ्या बाबांचं मनगट मोडलं." मग साहेबांनी पत्ता विचारला.

शनिवारी दुपारी ते आले. साधा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी, टकलावर घाम. वडिलांच्या खोलीत सगळा गोतावळा जमला होता, कारण बातमी फुटली होती. पडद्यावरचा माणूस प्रत्यक्षात इतका बुटका बघून बटणवाल्या बहिणी एकमेकींना कोपर मारत होत्या. साहेबांनी खिशातून डायरी काढली. "मी बोलायला आलो नाही," ते म्हणाले. "विचारायला आलोय."

मग दोन तास जी चर्चा झाली तशी त्या अर्धगोल टेबलावर कधी झाली नव्हती. सुतार म्हणाला, भोंगा वाजला की रस्त्यावरचे दिवे तीनदा उघडझाप करा. त्याच्या शेजारच्याने त्याला वेड्यात काढलं, भर दुपारी दिवा कुणाला दिसणार? थोरली बहीण म्हणाली, दुकानांची शटर एकदम पाडली की पायाखाली कळतं, ती नेहमी तशीच बाजार बंद झाल्याचं ओळखते. वडिलांनी डाव्या हाताने, सावकाश, छापखान्यातल्या फिरत्या लाल दिव्याचं सांगितलं. यंत्र अडकलं की तो लागायचा, आणि कितीही उजेड असला तरी डोळ्याच्या कडेला दिसायचा. तसा एकेक दिवा चौकात का नको?

"आणि झोपेत असलात तर?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या दाराची किल्ली शेजारणीकडे आहे," वडील म्हणाले. "पण पळताना तिला आधी तिची पोरं आठवतील. तिचा काय दोष?"

खिडकीताई यांचं बोलणं तोंडाने साहेबांना सांगत होत्या, साहेबांचं हातांनी यांना. वडील 'मी' म्हणाले की त्याही 'मी' म्हणत होत्या, तसाच रिवाज असतो. "मी पडलो तेव्हा मला दुखलं नाही, मला लाज वाटली," हे वाक्यही त्यांनी तसंच सांगितलं. साहेबांनी डायरीतून डोकं वर काढलं नाही.

शेवटी धाकट्या बहिणीने विचारलं, "युद्ध होणार का?"

साहेबांनी सवयीने घसा खाकरला. मग डायरी मिटली. "मास्तरीणबाई, टीव्हीवर मी शक्यता कमी म्हणतो. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. माझी मुलगी सीमेजवळच्या गावात शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात मी तिला इकडे निघून यायला सांगितलं. त्याच दिवशी घाबरण्याचं कारण नाही असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं."

खिडकीताईंचे हात मांडीवरच होते. "हे सांगू?"

"सांगा. सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. कुणी रागाने काही म्हणेल असं खिडकीताईंना वाटत होतं. वडिलांनी एक संत्रं साहेबांपुढे सरकवलं आणि विचारलं, "मग आली का मुलगी?"

"नाही. परीक्षा संपल्याशिवाय येणार नाही म्हणते."

"मुली ऐकत नाहीत," वडील म्हणाले. "माझी तर ऐकू येऊनही ऐकत नाही."

हे भाषांतर करताना खिडकीताईंनी वडिलांकडे डोळे वटारून बघितलं, पण शब्द गाळला नाही. साहेब इतके हसले की संत्र्याची बी त्यांच्या घशात अडकली, आणि सुताराने त्यांच्या पाठीत दणका घातला.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात साहेबांनी निवेदकाला थांबवून हा विषय काढला. 'समावेशक इशारा यंत्रणा', 'दृश्य संकेतप्रणाली', असं बरंच काही ते बोलले. खिडकीताईंनी ते सगळं, काही न गाळता, फिरत्या लाल दिव्याभोवती हातांनी मांडलं. जेवायला गेल्यावर वडील कुरकुरलेच. "मी एवढं लांबलचक कधी म्हणालो? मी दिवा म्हणालो."

युद्ध झालं नाही. दोन्ही सरकारं कुठल्याशा तिसऱ्या देशात बोलायला बसली, सीमेवरच्या तुकड्या थोड्या मागे गेल्या, आणि हे असंच होणार होतं असं आपण पहिल्यापासून कसं म्हणत होतो, ते तिन्ही तज्ज्ञांनी एक अख्खा रविवार घेऊन पटवून दिलं. साहेबांची मुलगी परीक्षा संपवून सुट्टीला आली आणि परत गेली. साहेब मात्र डायरी घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. कुठे त्यांना खुर्ची मिळाली, कुठे नुसतंच ताटकळावं लागलं. पाच महिन्यांनी फक्त एका भागात, वडिलांच्याच, तीन चौकांत लाल दिवे बसले. निर्मातीबाईंनी एक्केचाळीस जणांना तेवढं कळवलं. ताकीदपत्र मागे घ्यायचा विषय त्यांनी काढला नाही, खिडकीताईंनीही काढला नाही.

वडिलांचं मनगट जुळलं, पण किंचित वाकडं. काही खुणा आता तिरक्या पडायच्या. सोबती त्यांना तोतरा म्हणून चिडवायचे, आणि ते तिरक्याच हाताने सणसणीत शिव्या द्यायचे.

दुसरा सराव संध्याकाळी सातला झाला. खिडकीताई त्या दिवशी मुद्दाम वडिलांकडे थांबल्या होत्या. भोंगा त्यांनी ऐकला, पण त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. दिवा वडिलांना दिसतो का ते बघायचं होतं. खिडकीच्या काचेवर लाल उजेड आला, गेला, आला. वडिलांनी पेपरातून मान वर केली, उठले, चपला घातल्या, आणि मुलगी अजून बसलीये हे बघून तिच्यावरच खेकसले, "ऐकू येत नाही का? चल!"

तळघरात चाळीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. सुतार आला होता, दोघी बहिणी आल्या होत्या. सगळे एकमेकांना मोजत होते, दात काढून हसत होते. तेवढ्यात सरावाचा भाग म्हणून कुणीतरी वीज बंद केली. ऐकू येणारी माणसं अंधारात कुजबुजत राहिली. एक बाळ रडलं, त्याच्या आईने त्याला गाणं म्हटलं. पण वडिलांच्या कोपऱ्यात एकदम सगळं बंद पडलं. अंधारात हात दिसत नाहीत.

खिडकीताईंचा हात कुणीतरी चाचपडत धरला. वडिलांचा होता, त्या वाकड्या मनगटावरून त्यांनी ओळखला. त्यांनी मुलीचा तळवा उघडला आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर गिरवायला सुरुवात केली. अर्धं वाक्य झाल्यावरच खिडकीताईंना हसू फुटलं.

तळघरात दिवा हवा. जनरलला सांग.

त्यांनी दुसऱ्या हाताने पर्समध्ये फोन शोधला, आणि त्याच्या उजेडात साहेबांचा नंबर लावला.